इवाईंनी पाहिलेला बिबट्या

माझ्या लेकीचे सासरे हसनाबादचे. व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला इवाई म्हणताना आवाज थोडा खाली आणायचा असतो. हे मला कुणी शिकवलं नाही, लग्न ठरलं त्या दिवसापासून तो आपोआपच खाली आला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. बैठकीत काही मागितलं नाही, लग्नात रुसले-फुगले नाहीत, माझ्या लेकीला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. तरीही गेलं वर्षभर मी या माणसावर जळतोय, इतका की भावकीतल्या कुणावर जळलो नसेन. कारण एकच आहे. लडाखच्या डोंगरात त्यांनी हिमबिबट्या पाहिला आणि मी पाहिला नाही. आणि तो बघायची हौस माझी होती.

मंठ्याला माझं पाइप, मोटारी आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, पावसाळ्यात मात्र माशा मारत बसावं लागतं. अशाच एका रिकाम्या दुपारी फोनवर तो मला पहिल्यांदा दिसला. राखी रंगाचा, अंगभर ठिपके, आणि उभ्या कड्यावरून भरलाच्या मागं खाली पडत होता. भरल म्हणजे तिकडची रानमेंढी. नीट बघितलं तर पडत नव्हता, धावत होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला फूटव्हॉल्व्ह हवा होता. त्याला थांबवून मी तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि त्यालाही दाखवला. तो म्हणाला, "भारी हाय, पण व्हॉल्व्ह द्या जल्दी."

पुढं सवयच लागली. बायको म्हणायची, यांना जेवणाच्या ताटातसुद्धा ते मांजर लागतं. तिला मी रागानं सांगायचो, मांजर नाही ते. वाघ मी पाहिलाय. विदर्भात गेलो होतो तेव्हा जिप्सींची रांग लागली होती आणि वाघ रस्त्यात मधोमध बसला होता, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसावं तसा. त्याला बघून मला काहीच झालं नाही. हिमबिबट्याचं तसं नाही. त्या डोंगरात जन्म काढलेल्या माणसालाही तो मनात आलं की दिसतो असं नाही. जे सहसा कुणाला दिसत नाही ते एकदा आपल्याला दिसावं, एवढीच माझी हाव होती. बाकी सगळं आयुष्य मी कुणाचा कोणता पाइप फुटला हेच बघत आलोय.

लेकीला हे सगळं माहीत होतं. लडाखात थंडीच्या दिवसांत माणसं घेऊन जातात, तिथल्या गावातल्या घरांत ठेवतात, आणि गावातलेच लोक उजाडल्यापासून डोंगरांवर दुर्बिणी लावून बसतात, हे तिनंच शोधून काढलं. बिबट्या दिसेलच अशी हमी कंपनी देत नाही, हेही तिनंच सांगितलं. कंपनीला फोन तिनं लावला. कोणत्या महिन्यात भरल खाली उतरतात, गोळ्या कोणत्या घ्यायच्या, किती मोजे न्यायचे, सगळं विचारून घेतलं. मी नुसता हो हो म्हणत होतो. माझ्याबरोबर माझा एक दुकानदार मित्र येणार होता. दोन जागा पक्क्या झाल्या आणि दिवाळीच्या तोंडावर त्याचा गुडघा गेला. डॉक्टरनं जिना चढू नको म्हणून सांगितलं, तिथं डोंगर कुठला चढतो?

भाऊबीजेनंतर मी लेकीला भेटायला हसनाबादला गेलो. फराळ झाला. इवाई झोपाळ्यावर बसले होते, लेक चकल्यांचं ताट घेऊन उभी होती. बोलता बोलता मी मित्राच्या गुडघ्याची गोष्ट सांगितली आणि एक जागा रिकामी झाल्याचं बोलून गेलो. आता समोर इवाई बसलेले असताना नुसतं एवढं बोलून थांबणं बरं दिसत नाही. म्हणून मी म्हणालो, "तुम्हीच चला की इवाई!"

हे म्हणायचं असतं. आपण कुणाच्या दारात उभं राहून निघतो म्हणलो की तो म्हणतो, जेवून जा. म्हणून काय कुणी चप्पल काढून बसतं का? इवाईंना बिबट्याशी काही देणंघेणं नव्हतं. मोसंबीची बाग, हरभरा आणि पारावरच्या गप्पा, एवढ्यात खूश असलेला माणूस. तो म्हणेल, छे छे, मला कुठं जमतंय, आणि मी म्हणेन, बघा बुवा, पुन्हा म्हणू नका विचारलं न्हाई, आणि विषय संपेल, असा माझा हिशेब.

इवाईंनी झोपाळा पायानं थांबवला आणि म्हणाले, "चला!"

परतताना एसटीत मी कपाळावर हात मारून घेतला. पण मुलीचा बाप एकदा बोलला की बोलला.

लेहला विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं झोपून काढायचे असतात. हवा विरळ असते, अंगाला सवय लागावी लागते. माझं डोकं असं दुखत होतं की उशीवर ठेवलं तरी जड वाटायचं. इवाई मात्र मजेत. कानटोपीवर पांढरी टोपी घालून ते खाली जाऊन बसायचे, घरमालकाला आणि गाईडला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घालायचे. तिथला नमस्कार 'जुले' म्हणून असतो, तो त्यांनी पहिल्याच दिवशी उचलला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना, एका गाढवालासुद्धा, जुले म्हणायला लागले. गाईड पस्तिशीचा तरतरीत माणूस होता. मी त्याला बिबट्याविषयी जपून ठेवलेले प्रश्न विचारायला गेलो की तो थोडक्यात उत्तर द्यायचा आणि इवाईंकडं वळायचा. "बाबूजी, आपके यहाँ मोसंबी का भाव क्या है?" तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली होती, हे खरं.

मग आम्ही वरच्या गावात गेलो. आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं, हाताएवढ्या लांब लेन्सांचे कॅमेरे घेऊन आलेलं. रोजचं काम एकच. सकाळी चहा पिऊन गावामागच्या टेकाडावर जायचं, तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीशेजारी बसायचं आणि समोरचे डोंगर बघत राहायचं. दुर्बीण गाईड आणि त्याची माणसं फिरवायची. आम्ही नुसते बसलेले. पाय बधिर व्हायचे, नाकातून पाणी गळायचं आणि रुमालावरच गोठायचं. पण खरं सांगतो, मला तिथं जराही कंटाळा आला नाही. गाईडनं मला भरलांचा कळप दाखवला आणि सांगितलं, सगळे एकाच दिशेला कान लावून थांबले तर समजायचं, तो जवळ आहे. मी दिवसदिवस त्या भरलांचे कान बघत बसलो. इवाई पाठीमागं उन्हाला बसून डुलक्या काढायचे, जागे झाले की विचारायचे, "आलं का ते जनावर? न्हाई? मंग चहा तरी घ्या." आपण एकट्यानंच बघत बसणं बरं दिसत नाही म्हणून माझी गळ्यातली छोटी दुर्बीण मी त्यांना देऊन टाकली होती. त्यांनी ती उलटी धरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, इवाई, तुम्ही लई लांब गेले.

परतायच्या आदल्या दिवशी, दुपारी, वरच्या टेकाडावरच्या माणसाचा वॉकीटॉकीवर आवाज आला. गाईड उठला आणि तिपाई खांद्यावर टाकून धावत सुटला. आम्ही सगळे त्याच्या मागं. धावत कसलं, दहा पावलं टाकायची आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकायच्या. पुण्याचे लोक पुढं गेले. मी त्यांच्या मागं पोचलो. समोर दरी, पलीकडं तपकिरी कडा, त्याच्या माथ्यावर बर्फाची रेघ. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीही नव्हतं. गाईडनं दुर्बीण लावली, एकदा बघितलं आणि माझ्याकडं वळून हाक मारली, "अंकल, जल्दी आइए! बैठा है!"

मी वाकलो. माझा डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब होता. आणि मागून इवाईंच्या धापा ऐकू आल्या.

मी काही विचार केला असं नाही. विचार केला असता तर बघितलं असतं. अंगच मागं सरलं. लग्नाच्या पंगतीत, गाडीत बसताना, देवळात गंध लावताना जसं सरतं, तसं ते तिथंही सरलं. "या इवाई, आधी तुम्ही बघा."

"न्हाई न्हाई, तुमचं चाललंय ते चालू द्या."

"असं कसं? तुमचा मान आधी."

"अहो, बघा की तुम्ही."

"न्हाई, बिलकुल न्हाई. तुम्ही बघितल्याशिवाय मी डोळा लावणार न्हाई."

हे शेवटचं वाक्य मी स्वतःच्या तोंडानं बोललो. गाईड आमच्याकडं असा बघत होता की दोघं वेड्यांच्या इस्पितळातून आलेत की काय. इवाई बसले. त्यांनी डोळा लावला आणि ओरडले, "अगं बाबो!"

मग त्यांनी मला सांगायला सुरुवात केली. "इवाई, शेपूट बघा, शेपूट! केवढं! आता जांभई देऊन राह्यलं. आता उठलं. अंग ताणून राह्यलं. इवाई, आपल्याकडंच बघतंय की ओ!" मी त्यांच्या खांद्याशी उभा. हात दुर्बिणीकडं जात होता आणि मी तो मागं ओढत होतो. आता पुरे, मला बघू द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण इवाईंना उठवायचं कसं? गाईडच म्हणाला, "बाबूजी, अंकल को भी दीजिए." इवाई लगबगीनं उठले आणि त्यांचा गुडघा तिपाईला लागला. गाईडनं पुन्हा दुर्बीण जमवेपर्यंत कॅमेऱ्यांचा कडकडाट थांबला होता. मी डोळा लावला. एक दगड होता, त्याच्याशेजारी बर्फ होता आणि वर आभाळ. तो माथ्यापलीकडं उतरून गेला होता. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी परत निघेपर्यंत मी तिथंच बसलो. भरल शांतपणे चरत होते.

हसनाबादला परतल्यावर इवाईंचा जो भाव वधारला, तो मोसंबीचा कधी वधारला नसेल. पुण्याच्या जोडप्यानं फोटो पाठवले. इवाईंनी त्यातला एक मोठा करून, चौकट लावून बैठकीत टांगला. पारावर गोष्ट झाली, सोसायटीत झाली, दोन साखरपुड्यांत आणि एका तेराव्यातसुद्धा झाली. प्रत्येक वेळी बिबट्या थोडा जवळ यायचा. मंठ्याच्या बाजाराला आलेले हसनाबादकडचे लोक मुद्दाम माझ्या दुकानात शिरायचे. "तुमच्या इवाईंनी बर्फातला वाघ बघितला म्हणे! तुम्ही बी गेल्ता ना?" मी म्हणायचो, हो. ते विचारायचे, तुम्ही न्हाई बघितला? मी बॉलव्हॉल्व्ह मोजायला घ्यायचो.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. इवाईंचा गुड मॉर्निंगचा संदेश आला की मी दोन दोन दिवस उघडायचो नाही. त्यांच्या बागेला ठिबकच्या नळ्या हव्या होत्या, तर माल शिल्लक नाही म्हणून सांगितलं, आणि माल समोर पडला होता. कुणी म्हणालं, इवाईंना सर्दी झालीय, तर मला बरं वाटलं. रोज ठरवायचो की आता पुरे, पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही. आणि बायकोनं आमटी वाढताना नुसतं 'शेपूट' म्हटलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. ती ते मुद्दाम म्हणायची. जे माणसाला मिळालं नाही त्याचं एवढं दुःख नसतं. ज्याला नको होतं त्याला ते मिळालं, याचं होतं.

या जानेवारीत इवाईंनी शेतात हुरडा ठेवला. जालन्याहून त्यांचे पाहुणे आले होते, मला आणि बायकोलाही बोलावणं होतं. न जाऊन सांगणार कुणाला? ज्वारीच्या रानात आगटी पेटली होती. त्यात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची आणि दाणे पोत्यावर टाकायचे, हे काम लेक आणि जावई करत होते. आम्ही गोल बसून गूळ, दही आणि लसणाच्या चटणीबरोबर हुरडा खात होतो. जालन्याच्या एका पाहुण्यानं विषय काढला आणि इवाईंनी सुरू केलं. धावपळ, दुर्बीण, जांभई, सगळं झालं. आता बिबट्या थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होता. पाहुण्यानं माझ्याकडं बोट केलं, "आणि ह्यांनी?"

इवाई हसले. "ह्यांना थंडीच लई वाजून राह्यली होती. आणि ह्यांना कुठं एवढी हौस! माझ्यासंगं सोबत म्हणून आल्ते बिचारे."

सगळे हसले. माझ्या हातातला हुरडा हातातच राहिला.

"हौस माझी होती," मी म्हणालो. आवाज खाली आला नव्हता, ते मलाही ऐकू आलं. "कित्येक वर्षं मी त्या जनावराच्या मागं होतो. तुम्हाला तर ते काय असतं हेही माहीत नव्हतं. गाईडनं मला आधी बोलावलं. तुम्ही मागून आलात म्हणून मी सरकलो. आणि तुम्ही इतका वेळ बसलात, इतका वेळ बसलात की ते निघून गेलं. वर्ष झालं, मला तुमचं तोंड बघितलं की जळफळाट होतो."

बायकोनं माझी बाही ओढली. जालन्याचे पाहुणे चटणीत बघायला लागले. मला वाटलं, झालं, आता लेकीच्या संसारात मी आपल्या हातानं मिठाचा खडा टाकला. जावयाच्या हातातलं कणीस तसंच धुमसत होतं.

इवाई रागावले नाहीत. ते गोंधळले होते. "मंग बोलायचं की तेव्हाच, राव," ते म्हणाले. "मला काय ठाव तुम्हाला एवढं बघायचं होतं? मी तर न्हाईच म्हणून राह्यलो होतो. तुम्ही म्हणले, तुम्ही बघितल्याशिवाय मी डोळा लावणार न्हाई. मंग मी काय करू? तुमचं मन मोडू?"

"आणि यायचं कशाला मग?"

"तुम्ही चला म्हणले म्हणून आल्तो! न्हाई म्हणलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, पोराचा बाप ऐट करून राह्यला. घरातून निघताना माझ्या छातीत धडधड होती. त्या विमानात मी डोळे झाकून बसल्तो. खर्चा वेगळाच. आन् बघितल्यावर गप बसलो असतो तर तुम्हीच म्हणले असते, एवढं नेलं, दाखवलं, आन् ह्याला त्याचं काहीच न्हाई."

माझा जळफळाट यानं कमी व्हायला हवा होता, उलट तो वाढला. म्हणजे हा माणूस माझ्यावर उपकार म्हणून माझा बिबट्या बघून आला होता.

तेव्हा लेक बोलली. सासऱ्यांना ती मामा म्हणते आणि त्यांच्यासमोर बसून सहसा बोलत नाही. आताही ती आमच्याकडं बघत नव्हती, हातावर कणीस चोळत होती.

"तुम्हाला निदान कुणी या, बघा असं म्हणलं तरी, बाबा."

"म्हणजे?" मी विचारलं.

"ते जनावर तुम्ही मला दाखवायच्या आधीपासून मी फोनवर बघत होते. लडाखचं मी काढलं. कंपनीच्या माणसाला मी इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, मॅडम, तुम्ही कधी येताय? मी म्हणलं, बाबा येणार आहेत. मंग तुमच्या मित्राचा गुडघा गेला. जागा रिकामी झाली, तेव्हा मी इथं घरात तुमच्यासमोर चकल्या घेऊन उभी होते. तुम्ही मामांना म्हणले, चला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई."

तिनं दाणे पोत्यावर टाकले आणि दुसरं कणीस उचललं. ते गरम होतं, तिनं ते या हातातून त्या हातात केलं.

"तुम्ही दोघं गेले, तर मी रोज फोन बघून राह्यले होते. फोटो आले. बैठकीत चौकट लागली. तिच्यावरची धूळ मी पुसते, मामा. तुम्ही दोघांनी एकमेकांचा मान केला ना, मला तुमच्या दोघांचा राग येत होता. बाबांचा जास्त."

इवाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं: मग बोलायचं की तेव्हाच. पण तिनं तेव्हा ते कुणाला म्हणायचं होतं? बापाला, सासऱ्यासमोर? की सासऱ्याला, बापासमोर? ती कणीस चोळत राहिली.